पासपोर्ट बघून पगार : आखातात काम करणाऱ्यांनो, खरं काय ते सांगा

पाना_पक्कड
मंडळी, सात वर्षं कतारमध्ये, दोह्यात आहे, एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) इंजिनिअर. इथे आजवर वाचनमात्रच होतो. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि ती काही डोक्यातून जाईना, म्हणून हा पहिलाच धागा. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

एका टेंडरसाठी मनुष्यबळाच्या खर्चाचं शीट भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एस्टिमेशनवाला (खर्चाचे अंदाज काढणारा) रजेवर. जुन्या टेंडरची एक्सेल फाइल उघडली, तर 'सीनियर इंजिनिअर' या एकाच हुद्द्याखाली तीन ओळी : वेस्टर्न, अरब, एशियन. काम तेच, जबाबदारी तीच, सहीचे अधिकारही तेच. महिन्याचे आकडे मात्र २७,०००, १४,००० आणि ९,००० रियाल. मी तिसऱ्या ओळीतला. पहिल्या ओळीतला आयरिश बाबा माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो. माणूस चांगला आहे. त्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका मी काढतो आणि माझ्या ईमेलमधल्या तो.

तफावत असते हे ऐकून होतोच. खरा चटका बसला तो पुढच्या रकान्यामुळे. क्लायंटला लावायचा दर तिन्ही ओळींत एकच! म्हणजे क्लायंटच्या लेखी आम्ही तिघे सारखे, आणि कंपनीला सगळ्यात जास्त सुटतात ते माझ्यावर.

हे कायदेशीर आहे का? आणि कुणी यावर तोंड उघडून पदरात काही पाडून घेतलंय का?

उंटावरचा_शहाणा
ऑफर लेटरवर सही केलीस तेव्हा पेन कुणाचं होतं?
हलके घ्या. माझंही कंपनीचंच होतं.

बाजारभाव
यात अन्याय काय तेच कळलं नाही. इकडे जे मिळत होतं त्याच्या अडीच-तीनपट मिळाले म्हणूनच गेलास ना? आयरिश माणसाला त्याच्या घरच्यापेक्षा जास्त दिल्याशिवाय तो त्या भट्टीत कशाला येऊन बसेल? कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. तू ९,०००ला मिळतोस म्हणून ९,००० देतात. उद्या सगळ्या भारतीयांनी २०,०००च्या खाली जायचं नाही असं ठरवलं, तर तो आकडा आपोआप २०,००० होईल.

वाळूचं_घड्याळ
@बाजारभाव, किंवा सगळे भारतीय घरी बसतील आणि तीच खुर्ची दुसऱ्या कुणाला ८,०००ला मिळेल. हेही लिहायचं होतंत.

मी सौदीत नर्स होते, अकरा वर्षं, बहुतेक काळ आयसीयूत. आमच्या वॉर्डात भारतीय, फिलिपिनो, जॉर्डनच्या, दक्षिण आफ्रिकेच्या आणि दोन आयरिश. रात्रपाळी सगळ्यांना सारखी, पेशंट वाटून घ्यायची पद्धत सारखी. व्हेंटिलेटर काही नर्सचा पासपोर्ट विचारत नाही. पगाराचे मात्र तीन तक्ते. बरं, नुसता पगार नाही. आयरिश मुलींचा करार एक वर्षाचा, आमचा दोन वर्षांचा. त्यांना घरी जायची तिकिटं वर्षातून दोनदा, आम्हाला दोन वर्षांतून एकदा. त्यांना एकटीला खोली, आम्ही तिघी एका खोलीत. वाईट कशाचं वाटायचं सांगू? नव्याने आलेल्या आयरिश मुलीला सगळं शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. तीन महिने मी तिला शिकवायचे, आणि चौथ्या महिन्यात ती माझी चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख.

ती बिचारी एकदा म्हणाली की तिला हे माहीतच नव्हतं. खरंच माहीत नसावं.

माजी_एचआर
बरं झालं धागा निघाला. मी या तक्त्यांच्या पलीकडच्या बाजूला बसत होतो, दुबईत, नऊ वर्षं. आता परत आलोय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे शहाण्या कंपन्या 'भारतीय' किंवा 'ब्रिटिश' असं कुठेही लिहीत नाहीत. ग्रेड लिहितात. पाना_पक्कडच्या कंपनीने सरळ ओळीच पाडल्यात म्हणजे ती भोळी तरी आहे किंवा निर्ढावलेली तरी. आमच्याकडे ग्रेड ठरायची 'भरतीचं ठिकाण' या रकान्यावरून. मुंबईत मुलाखत झाली की एक तक्ता, लंडनमध्ये झाली की दुसरा. उमेदवाराला पहिला प्रश्न काय? सध्याचा पगार. त्याची सॅलरी स्लिप हातात आली की आमचं काम संपलं. पद काय आहे, बजेट किती आहे, हे त्याला कधीच कळत नसे. कित्येकदा बजेट २२,००० दिरहमचं असायचं आणि आम्ही माणूस ११,०००ला बसवायचो. वर त्याबद्दल आम्हाला शाबासकी.

दुसरं, एकूण पगाराच्या आकड्याकडे बघू नका, बेसिक बघा. अमिरातीत ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. समजा दोघांचा एकूण पगार १२,०००. एकाचं बेसिक ८,०००, दुसऱ्याचं ४,००० आणि बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिला २८,००० घेऊन जातो, दुसरा १४,०००. ही दुसरी पगारवाटणी कुणाच्या वाट्याला यायची, सांगायला नको. आणि हे तक्ते बनवणारे आम्ही बहुतेक भारतीयच होतो. गोऱ्या साहेबाने एकदाही सांगितलं नाही की भारतीयांना कमी द्या. त्याला सांगावंच लागलं नाही.

उंटावरचा_शहाणा
माजी_एचआर यांना दंडवत. पहिल्यांदाच एचआरवाल्याने खरं बोललेलं वाचलं. 'माजी' झाल्याशिवाय जमत नसावं.

खडू_फळा
आमच्या शिक्षण क्षेत्रात तर जाहिरातीतच लिहितात : 'नेटिव्ह स्पीकर'. याचा अर्थ इंग्रजी कशी येते असा नसून पासपोर्ट कुठला असा आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिकवायच्या व्हिसालाच ही सात देशांची यादी आहे. मला एका शाळेने डेमो लेक्चरच्या आधीच पासपोर्टची प्रत मागितली. पाठवली. डेमो झालाच नाही.

कलम_पोटकलम
मूळ प्रश्न कायद्याचा आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

अमिरातीचा नवा कामगार कायदा २०२१चा, २ फेब्रुवारी २०२२पासून लागू. त्याच्या कलम ४ मध्ये वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ आणि अपंगत्व यांवरून भेदभावाला मनाई आहे. कागदावर उत्तम. पण 'राष्ट्रीय मूळ' आणि 'राष्ट्रीयत्व' यांत फट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८च्या १११ क्रमांकाच्या करारातही हीच गंमत. त्यातही मूळ आहे, नागरिकत्व नाही. भारताने तो करार १९६० मध्येच मान्य केला आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करार १९९०चा. तो आखातातल्या एकाही देशाने स्वीकारलेला नाही. आणि आपणही नाही, हे कृपया लक्षात घ्या. फिलिपिन्सने तो १९९५ मध्ये स्वीकारला.

कतारपुरतं सांगायचं तर २० मार्च २०२१पासून किमान वेतन आहे : १,००० रियाल बेसिक, शिवाय कंपनी राहण्याची सोय करत नसेल तर ५०० आणि जेवण देत नसेल तर ३००. ते सगळ्या देशांच्या कामगारांना सारखंच आहे, घरकामगारांनासुद्धा. आखातात असं पहिल्यांदाच झालं. पण ती जमीन झाली. इंजिनिअरच्या मजल्यावर कायदा पोहोचत नाही.

पाना_पक्कड, तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. २०२०च्या बदलांनंतर कतारमध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर दोन महिन्यांची नोटीस. तुझं हत्यार ते आहे, भेदभावाची तक्रार नव्हे.

निळा_पासपोर्ट
आता माझी कहाणी. लाज बाजूला ठेवून सांगतो.

अबुधाबीत भारतीय म्हणून सहा वर्षं काम केलं. मग कॅनडा, तिथे बर्फ उपसण्यात पाच वर्षं गेली, नागरिकत्व मिळालं. परत आखातात आलो, तेही जुन्याच कंपनीत, जवळजवळ जुन्याच पदावर. पगार आधीच्या अडीचपट. डोकं तेच, फक्त त्यावरचे केस कमी झाले होते. मधल्या पाच वर्षांत त्या कामातलं मी काही शिकलो नव्हतो, उलट विसरलो होतो. गंमत म्हणजे दोन्ही पासपोर्ट निळेच!

पण पुढचं ऐका. दुसऱ्या एका कंपनीत व्हिडिओ मुलाखतीपर्यंत सगळं ठरलं होतं. कॅमेरा चालू झाला, माझा चेहरा दिसला, आडनाव तर आधीच दिसत होतं. ऑफर आली ती ठरलेल्यापेक्षा कमी. ओळखीच्या माणसाकडून कळलं की त्यांच्याकडे 'मूळचे आशियाई, पासपोर्ट पाश्चिमात्य' असा मधला तक्ता आहे.

उंटावरचा_शहाणा
निळ्यातही छटा असतात तर.

जुनी_पानं
थोडं अवांतर. हे तक्ते आखाताचा शोध नव्हेत. पनामा कालवा खणताना, १९०४ ते १९१४, अमेरिकनांनी पगाराच्या दोन याद्या केल्या होत्या. एकीवरच्यांना सोन्यात पगार, ती बहुतेक गोऱ्या अमेरिकनांची. दुसरीवरच्यांना चांदीत, ती बार्बाडोस-जमैकाहून आलेल्या काळ्या मजुरांची. मुळात ही नुसती हिशेबाची सोय. हळूहळू पोस्टाच्या खिडक्यांवर, दुकानांवर 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' अशा पाट्या लागल्या. 'तो सिल्व्हर आहे' असं माणसाबद्दल बोलू लागले. रकान्याचं नाव माणसाला चिकटलं.

आखातात तेलाच्या पहिल्या दिवसांत तेच. सौदीतल्या धहरानला अमेरिकनांची कुंपणातली वसाहत, गवताची हिरवळ, पोहण्याचा तलाव. आणि सौदी कामगार झावळ्यांच्या झोपड्यांत. १९५३ मध्ये त्यांनी मोठा संप केला. म्हणजे आज जे मालक आहेत तेही कधी काळी खालच्या तक्त्यात होते. कुठे, तर स्वतःच्याच देशात.

अति-अवांतर : त्या काळी आखातात चलन आपलं होतं. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास 'गल्फ रुपी' काढला होता. १९६६च्या अवमूल्यनानंतर कतार-दुबईने तो सोडला.

बाजारभाव
@जुनी_पानं, रुपया सोडला, माणसं ठेवली. चांगला सौदा.

बाकी माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. निळा_पासपोर्टच्या हातात कॅनडाला परत जायचा पर्याय होता, म्हणून त्याची किंमत वाढली. पैसे पर्यायाला मिळतात. पासपोर्ट म्हणजे त्या पर्यायाचा पुरावा.

वाळूचं_घड्याळ
मग चेहरा बघून ऑफर कमी का झाली? चेहरा दिसल्याने पर्याय गेला का त्यांचा?

राईनकाठ
जर्मनीतून. इकडे युरोपीय संघाच्या मूळ करारातलं कलम ४५ सांगतं की सदस्य देशांच्या कामगारांत राष्ट्रीयत्वावरून पगारात फरक करता येणार नाही. पोलिश आणि जर्मन, कायद्यापुढे सारखे. मी भारतीय, म्हणजे त्या कलमाबाहेरचा. पण ब्लू कार्डला (बाहेरच्या कुशल कामगारांचा इथला परवाना) किमान पगाराची अट असल्याने मला फार स्वस्तात घेताही येत नाही. ही माझ्यावरची माया नव्हे. परक्यांमुळे घरच्यांचा पगार पडू नये म्हणून केलेली तजवीज आहे. हेतू कसाही असो, माझ्या खात्यात जमा होतात. आखातात घरच्यांचा पगार पडायची भीतीच नाही, कारण घरचे त्या कामावर नसतातच.

समांतर_रेषा
संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविषयक विशेष प्रतिनिधी तेंदायी अचिउमे २०१९च्या अखेरीस कतारला गेल्या होत्या. २०२०च्या अहवालात त्यांनी या प्रकाराला राष्ट्रीय मूळावर आधारलेली, व्यवहारातली जातिव्यवस्था म्हटलं आहे. 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. मराठी वाचकाला यावर वेगळी टीप लागू नये.

बाजारभाव
झालं! आली जात. जात बदलता येत नाही, पासपोर्ट बदलता येतो. दोन्हींची तुलना म्हणजे ज्यांनी जात भोगली त्यांची थट्टा आहे.

समांतर_रेषा
पासपोर्ट बदललेल्या माणसाचा प्रतिसाद वरच आहे. मधला तक्ता परत वाचा. आणि थट्टेचं म्हणाल तर, मी भोगलेल्यांतलाच आहे. मला ती थट्टा वाटली नाही, ओळखीची वाटली. कोणतं काम कुणाला शोभतं हे माणूस बघण्याआधीच ठरलेलं असणं. रिसेप्शनला ही, गेटवर तो, खड्ड्यात ते.

संपादक
चर्चा मुद्द्यावर चालली आहे, तशीच राहू द्या. एक प्रतिसाद उडवला आहे. का ते लिहिणाऱ्याला माहीत आहे.

उंटावरचा_शहाणा
माझा नव्हता. (या वेळी.)

फोरमन६५
पोरांनो, मी मोबाइलवर टाइप करतो, सांभाळून घ्या. मस्कत आणि अबुधाबी मिळून सव्वीस वर्षं काढली, वेल्डर म्हणून गेलो, फोरमन होऊन परत आलो.

तुम्ही सगळे इंजिनिअर, नर्स, मास्तर. तुमच्या वरच्या ओळी बघून रडताय. खालच्या ओळी कुणी बघितल्या का? आमच्या साइटवर एकाच पाइपला तिघे लागायचे, आपला, नेपाळी आणि बांगलादेशी. आपल्याला सगळ्यात जास्त, बांगलादेशी पोराला सगळ्यात कमी. आणि व्हिसापायी सगळ्यात जास्त कर्ज कुणाच्या डोक्यावर? त्याच्याच. आपल्याकडे एजंटाने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घ्यायचं असा नियम आहे. पाळतात किती ते सोडा, पण नियम तरी आहे. त्या पोराची पहिली दोन वर्षं व्याजातच जायची.

एक नेपाळी रिगर (क्रेनला ओझं बांधणारा) होता. क्रेनचं काम मी त्याच्याकडून शिकलो, खोटं कशाला बोलू. त्याला आपल्या पोरांपेक्षा कमी. मॅनेजर आपलाच माणूस. त्याला म्हटलं, याला बरोबरीत आणा. तर म्हणतो, एकाला वाढवलं की सगळे मागतील. मग मी काय केलं, महिन्याला त्याच्या टाइमशीटवर पंधरा-वीस तास ओव्हरटाइम जास्त लिहायचो. दोन वर्षं चाललं. पकडलं गेलं तेव्हा माझा एक महिन्याचा पगार कापला. त्याचा काही कापला नाही, ते बरं झालं.

पाना_पक्कड, बाळा, तुझ्या त्या शीटमध्ये इंजिनिअरच्या खाली ओळी असतील ना? त्या वाचल्यास का?

वाळूचं_घड्याळ
काका, _/\_

मनीऑर्डर
फोरमनकाकांच्या मुद्द्याला जोडून. हे दर नुसते मालक ठरवत नाहीत, पाठवणारे देशही ठरवतात. फिलिपिन्सने २००६ मध्ये घरकामगार बायकांसाठी महिना किमान ४०० डॉलर असा दर लावला. आपलं सरकारही आखाती देशांसाठी असे संदर्भ दर ठरवतं. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, आपण ते मोठ्या प्रमाणात खाली आणले. कारण काय, तर भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात. ओरड झाली, प्रकरण तेलंगणात कोर्टात गेलं, २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. म्हणजे बाजारभाव म्हणतात तो बाजार काही आभाळातून पडत नाही. दिल्लीत, मनिलात आणि ढाक्यात फाइली फिरतात, त्यातून तो बनतो.

अर्थात ४०० डॉलर हे कागदावर. विमानतळावर उतरल्यावर दुसरा करार पुढे करून सही घेतात, हेही जुनंच.

माजी_एचआर
मनीऑर्डर यांना अनुमोदन. देशोदेशींच्या दूतावासांचे दर आम्ही एकाच फाइलमध्ये ठेवायचो. कुठून भरती करायची ते त्यावरून ठरायचं.

बाजारभाव
मनीऑर्डर यांचा मुद्दा मान्य. बाकी मान्य नाही.

पाना_पक्कड
सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण फोरमनकाकांनी विचारलेलं खरं होतं.

खालच्या ओळी मी वाचल्या नव्हत्या. भरल्या मात्र होत्या. हेल्परच्या तिन्ही ओळींत आता १,०००च आहे, कायद्यामुळे. पण पाइप फिटर : इंडियन १,८००, नेपाळी १,५००, बांगलादेशी १,३००. हे आकडे मागच्या वर्षीच्या शीटमधून मीच कॉपी-पेस्ट केले होते, वरची ९,०००ची ओळ बघून रक्त आटवायच्या आधी, दहाएक मिनिटं.

माझ्या पगाराचं म्हणाल तर कलम_पोटकलम यांचं ऐकलं. तक्रार वगैरे केली नाही. बाहेरची एक ऑफर आणली, ती टेबलावर ठेवली. आता ११,५०० झालेत, बेसिकही वाढवून घेतलं (माजी_एचआर, धन्यवाद). आयरिश मित्राला आकडे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, माझा आकडा वर कुठे दाखवू नकोस. त्याचंही बरोबर आहे. तसा मी तो इथे दाखवलाच आहे म्हणा.

आणि शीट. फिटरच्या तीन ओळी काढून एकच केली, १,८००ची. एस्टिमेशनवाला रजेवरून परत आलाय. आज दुपारी फाइल परत आली, त्या सेलवर लाल शेरा : 'राष्ट्रीयत्वानुसार वेगळे करा.' उद्या बारापर्यंत द्यायची आहे.

बाजारभाव
टेंडर महाग झालं आणि काम गेलं तर तिघांचीही नोकरी जाईल, एवढं लक्षात ठेव.

फोरमन६५
तीन ओळी कर परत, काही बिघडत नाही. नावं तीन ठेव, आकडा तिन्हीत १,८०० टाक. त्याने वेगळं करायला सांगितलंय, कमी करायला नाही सांगितलं. फाइल अकरा पन्नासला पाठव, आधी नको.